जोंधळ्याच्या भेंडाचे अणु

एका विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेवर आमच्या हातून एकदां चुकीची लाल फुली पडली. प्रस्तुत लेखाचा विषय अणु-रेणूंच्या प्रतिकृति हा असला, तरी आरंभ त्या फुलीपासूनच करणें आम्हांस भाग आहे.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. इयत्ता आठवीच्या सहामाही परीक्षेंत आम्हीं विचारिलें होतें, "पाण्याचा रेणु कशाचा बनलेला असतो?" त्या वर्षीं शहरांतील एका तेलुगु माध्यमाच्या शाळेंतून आमच्या वर्गांत नवीन आलेल्या एका मुलीनें लिहिलें, "हायड्रोजनचे दोन परमाणु व ऑक्सिजनचा एक परमाणु मिळून पाण्याचा एक अणु होतो." पाण्याचा अणु! सुटा असतो तो अणु, आणि अणु जुळून होतो तो रेणु, हें आम्हीं सबंध सहामाही घोकून घेतलें होतें. आम्हीं फुली मारिली, समासांत "अणु नव्हे, रेणु" असें लिहिलें व दोन गुण कापले.

मुलगी कांहीं बोलली नाहीं. ती एकंदरींतच फारसें बोलत नसे. दिवाळीच्या सुटीनंतर तिचे वडील तिच्या थोरल्या भावाचें एक तेलुगु पुस्तक घेऊन शाळेंत आले. ते यंत्रमागावर काम करीत. रात्रपाळी संपवून सरळ आमच्याकडे आले होते. गुणांविषयीं त्यांची तक्रार नव्हती. "सर, पोरगी म्हणते पुस्तकांत असंच आहे, मग चुकलं कुठं तेवढं तिला सांगा," एवढेंच त्यांचें म्हणणें. आम्हांस तेलुगु वाचतां येत नाहीं. आमच्या एका सहाध्यापकांनीं तें पान वाचून दाखविलें, आणि आमचा चेहरा उतरला. पुस्तकांत अक्षरशः तसेंच होतें. तेलुगूंत ज्यास परमाणु म्हणतात त्यास मराठींत आपण अणु म्हणतों, आणि तेलुगूंत ज्यास अणु म्हणतात तो आपला रेणु. कन्नडांतही तोच प्रकार, आणि हिंदींतही तोच. म्हणजे त्या मुलीचें उत्तर तीन भाषांत बरोबर होतें, आणि केवळ आमच्याच भाषेंत चूक.

शब्दांचा हा घोळ सोलापुरास विशेष बाधतो. येथें एकाच बांकावर मराठी, तेलुगु, कन्नड व दखनी बोलणारीं मुलें मांडीला मांडी लावून बसतात. एखादें मूल सकाळीं हिंदीच्या तासाला अणु शब्द एका अर्थानें वाचतें आणि दुपारीं विज्ञानाच्या तासाला दुसऱ्या. परमाणु हा शब्द तर फारच जुना, कणादाच्या वैशेषिक दर्शनांतला. त्या मतांत दोन परमाणूंचें एक द्व्यणुक व तीन द्व्यणुकांचें एक त्र्यणुक. आणि झरोक्यांतून आलेल्या उन्हांत जो कण तरंगतांना दिसतो, तेंच त्र्यणुक. डोळ्यांस दिसणारा कण अवघ्या सहा परमाणूंचा! आजच्या हिशेबानें तसल्या एका धूलिकणांत कोटीला कोटीनें गुणावें इतके अणु असतात. शब्द तोच राहिला, पण त्याच्या मागची वस्तु सर्वस्वीं बदलली.

गुण आम्हीं परत दिले. तें सोपें होतें. परंतु जी मुलें घरीं पुस्तक दाखवीत नाहींत, ज्यांचे वडील रात्रपाळीनंतर शाळेंत येत नाहींत, त्यांच्या किती उत्तरांवर आम्हीं फुल्या मारिल्या असतील, ह्या विचारानें आम्हांस कित्येक दिवस चैन पडली नाहीं. तेव्हांपासून आम्हीं एक नियम केला: आधीं वस्तु हातांत द्यावयाची, नांव मागाहून.

पण हातांत देण्याजोगी वस्तु कोणती? शाळेच्या कपाटांत प्लॅस्टिकच्या गोळ्यांची एक विकत आणलेली पेटी होती. ती इतकी जपून ठेविली होती, कीं वर्षांतून एकदां तपासणीच्या दिवशींच तिला सूर्यदर्शन घडे. तींतील गोळे चाळीस मुलांस पुरणारे नव्हते, आणि एखादा गोळा हरवला तर काय, ह्या धास्तीनें आम्ही ते मुलांच्या हातीं देतही नव्हतों. उपाय एका दक्षिण सोलापूरच्या मुलानें दाखविला. मधल्या सुटींत तो जोंधळ्याच्या वाळलेल्या धाटाची बैलगाडी करीत बसला होता. धाट दांतांनीं सोलावें. चिवट सालीच्या काड्या निराळ्या काढाव्या. आंतील पांढऱ्या, हलक्या भेंडाचे तुकडे करावे आणि त्यांत त्या काड्या खोंचाव्या. ह्या रीतीनें गाडी, नांगर, चष्मा असें पाहिजे तें होतें. खेडोपाड्यांतलें कोणतेंही मूल ही विद्या कोणीं न शिकवितां जाणतें. गोळा आणि काडी! रसायनशास्त्राची प्रतिकृति दुसरी कशाची असते?

चाकूनें भेंडाचे सुमारें एक सेंटिमीटर लांबीचे तुकडे पाडले व कडा कापून गोल केले, कीं अणु तयार. हें काम मुलांनीं आमच्याहून सुबक केलें. शहरांतील ज्या मुलांनीं धाट कधीं सोललें नव्हतें त्यांचीं बोटें पहिल्या दिवशीं सालीनें कापलीं. तेव्हां सोलण्याचें काम खेड्यांतील मुलांकडे द्यावें व चाकू शिक्षकांनीं आपल्या देखरेखीखालीं ठेवावा, हें सांगून ठेवितों.

हा प्रकार नवा नाहीं, हें आम्हांस मागाहून कळलें. जर्मनीच्या फ्रोबेल नामक शिक्षकानें लहान मुलांसाठीं जीं साधनें योजिलीं, त्यांत भिजविलेले वाटाणे व अणकुचीदार काड्या हें एक होतें. वाटाणा सांध्याला, काडी बाजूला. हा फ्रोबेल बालोद्यानाचा जनक होण्यापूर्वीं बर्लिन येथें वाइस ह्या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखालीं स्फटिकांच्या संग्रहावर काम करीत होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ते वाटाणे कोठून आले याचा उलगडा होतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळांत फ्रोबेलची ही पद्धति आपल्या सोलापुरांतही रुजली. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मेरी हार्डिंग यांनीं येथें बालोद्यान चालविलें. आपल्या गांवांत जें बीज पूर्वींच पडलें होतें, त्याच्यासाठीं आम्ही कपाटांतील पेटीकडे पाहत बसलों होतों!

आपल्या काळांत हेंच काम अरविंद गुप्ता यांनीं केलें. कानपूरच्या आय.आय.टी.मधून १९७५ सालीं अभियंता होऊन ते पुण्यास मोटारींच्या कारखान्यांत नोकरीस होते. १९७८ सालीं वर्षाची रजा घेऊन ते मध्य प्रदेशांत होशंगाबाद जिल्ह्यांतील विज्ञान-शिक्षणाच्या कामास गेले. तेथील आठवड्याच्या बाजारांत त्यांस सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी दिसली. तिचा लहानसा तुकडा घेऊन दोन्ही बाजूंनीं आगकाड्या खोंचल्या, कीं झाला सांधा. दोन नळ्या एकमेकींतून ओंवल्या, कीं चार काड्यांचा सांधा. पुढें पुण्याच्या आयुका संस्थेंतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत त्यांनीं अनेक वर्षें अशींच खेळणीं मुलांच्या हातीं दिलीं, आणि २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. काड्यांचा चौकोन बोटानें ढकलला कीं कलंडतो व त्रिकोण कलंडत नाहीं, हें त्या आगकाड्यांवरून मुलांस एका क्षणांत समजतें. आम्हांस मात्र तें महाविद्यालयांत एका संपूर्ण प्रकरणाच्या वाचनानें समजलें होतें.

आतां प्रत्यक्ष वर्गांत काय केलें तें सांगतों. प्रतिकृतीनें कधींही आरंभ करूं नये, असें आमचें ठाम मत आहे. आधीं प्रयोग. एका भांड्यांत पाणी घेऊन त्यांत थोडा धुण्याचा सोडा विरघळविला, दोन पेन्सिलींचीं शिसें त्यांत उभीं केलीं, त्यांवर पाण्यानें भरलेल्या दोन परीक्षानळ्या पालथ्या घातल्या व नऊ व्होल्टची विजेरी जोडली. (येथें मीठ वापरूं नये, मग ऑक्सिजनऐवजीं क्लोरीन येऊं लागतो आणि वर्गाला खोकला.) दोन्ही नळ्यांत बुडबुडे चढूं लागले, पण एकींत वायु दुसरीच्या जवळजवळ दुप्पट. जास्त वायूच्या नळीशीं जळती काडी नेली तों फट् असा आवाज झाला. दुसरींत विझत आलेली उदबत्ती पुन्हां पेटली. आतां प्रश्न. दुप्पट कां?

येथें भेंडाचे गोळे कामास आले. हायड्रोजनास एक हात, ऑक्सिजनास दोन हात. पुस्तकांत ज्यास संयुजा म्हणतात ती संख्या ही. कोणताही हात मोकळा राहूं द्यावयाचा नाहीं, एवढाच खेळाचा नियम. प्रत्येक मुलास आम्हीं पाण्याचे दोन रेणु करावयास सांगितले, आणि नंतर ते मोडून फक्त हायड्रोजनच्या जोड्या व ऑक्सिजनची जोडी करावयास सांगितलें. प्रत्येकाच्या पुढें हायड्रोजनच्या दोन जोड्या आणि ऑक्सिजनची एकच जोडी राहिली. समान तापमान व समान दाब असतां वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, हें ॲव्होगाड्रोनें १८११ सालीं सुचविलेलें तत्त्व आम्हीं तेव्हां सांगितलें; आणि परीक्षानळींतला दुप्पट वायु व बांकावरची दुप्पट जोडी यांची गांठ मुलांनीं आपण होऊन घातली.

नुसत्या गोळ्यांनीं हें साधलें नसतें, याला मोठा पुरावा आहे. अणुवादाचा आधुनिक प्रवर्तक डाल्टन हा मँचेस्टरचा शिक्षक. पीटर एवर्ट नामक अभियंत्यानें १८१० च्या सुमारास त्याला लांकडाचे गोळे करून दिले होते, व ते तो शिकवितांना वापरी. तरीही डाल्टनच्या पाण्यांत हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एकच अणु होता! गोळ्यांस वाटेल तसें जोडतां येतें. ते तक्रार करीत नाहींत. वायूंच्या मापांनीं तक्रार केली, पण ती ऐकून घ्यावयास रसायनशास्त्रज्ञांस १८६० सालापर्यंत, म्हणजे कार्ल्सरूहे येथील परिषदेंत कानिझारोनें समजूत घालीपर्यंत, थांबावें लागलें.

गोळ्यांस रंग देण्याची चाल हॉफमनची. १८६५ च्या एप्रिलमध्यें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें व्याख्यान देतांना त्यानें क्रोकेट नामक खेळांतील लांकडी चेंडू घेतले: कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन तांबडा, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा. जगभर आजही बहुधा हेच रंग चालतात. आम्हीं कार्बनास कोळशाची पूड लाविली (ह्या गोळ्याचा रंग तरी खरा!), ऑक्सिजनास कुंकू, नायट्रोजनास कपड्याची नीळ, आणि हायड्रोजन भेंडाच्या रंगाचाच राहूं दिला. डाल्टनला स्वतःला तांबडा-हिरवा भेद नीट कळत नसे व आपल्या ह्या दोषावर त्यानें १७९४ सालीं निबंधही वाचला होता. तेव्हां हॉफमनचे चेंडू त्याच्या हातीं पडते तर त्याचा कितपत उपयोग झाला असता, कोण जाणे.

रंगानें एक नवाच घोटाळा केला. चांचणी परीक्षेंत तिघांनीं लिहिलें, "ऑक्सिजन तांबडा असतो." आम्हीं ह्या वेळीं फुली मारण्यापूर्वीं थांबलों. मुलांनीं जें हातांत धरिलें तेंच लिहिलें होतें, दोष आमचा. (ऑक्सिजन अति थंड करून द्रवरूप केला, तर तो फिकट निळा दिसतो, तांबडा नव्हे.) तेव्हांपासून प्रत्येक प्रतिकृति पुरी झाली कीं आम्ही फळ्यावर एक प्रश्न लिहितों: "ह्यांत खोटें काय?" हा आमच्या तासाचा सर्वांत रंगणारा भाग झाला आहे. रंग खोटा. काडी खोटी, अणूंच्या मध्यें काडी नसते, दोघांनीं मिळून धरलेले इलेक्ट्रॉन असतात. गोळे स्वस्थ बसतात हेंही खोटें. खरे अणु क्षणभरही स्वस्थ नसतात. गोळा भरीव आहे हें तर सर्वांत खोटें. शाळेचें शंभर मीटरचें मैदान हा एक अणु मानिला, तर त्याचें केंद्रक मध्यभागीं ठेविलेल्या राजगिऱ्याच्या एका दाण्याएवढें, आणि अणूचें जवळजवळ सर्व वस्तुमान त्या दाण्यांत. आकार तर विचारूंच नये. एक सेंटिमीटरचा हायड्रोजन म्हणजे खऱ्याच्या सुमारें दहा कोटि पट. त्याच प्रमाणांत एक बोर फुगविलें, तर त्याचा व्यास २,००० किलोमीटर होईल. सोलापुराहून दिल्लीपर्यंतचें सरळ अंतर त्यांत मावून उरेल. आणि पाण्याच्या एका थेंबांत सोळावर वीस शून्यें इतके रेणु. पृथ्वीवरील सुमारें ८०० कोटि माणसें दर सेकंदास एक याप्रमाणें ते अखंड मोजूं लागलीं, तर सहा हजारांहून अधिक वर्षें मोजीत बसतील. एका मुलीनें यादींत आणखी एक भर घातली: "सर, हा कार्बन म्हणून घेतलेला गोळाच कितीतरी कार्बनचा बनलाय." ही तीच मुलगी. तिनें वर्गांत आपण होऊन उच्चारलेलें आम्हांस आठवणारें हें पहिलें वाक्य.

फळ्यावर व पुस्तकांत सर्व रेणु चपटे असतात, ही आणखी एक अडचण. दलदलींतून निघणारा व गोबरगॅसमध्यें जळणारा जो मिथेन, त्यांत एका कार्बनाच्या चार हातांस चार हायड्रोजन. मुलें तो अधिक चिन्हासारखा चपटा करितात. हॉफमननेंही चपटाच केला होता. आम्हीं सराट्याचें उदाहरण दिलें. आपल्याकडील माळरानावर अनवाणी चालणारास सराटा शिकवावा लागत नाहीं: कसाही पडला तरी एक काटा वर. जुन्या किल्ल्यांच्या वाटेवर शत्रूच्या घोड्यांसाठीं पसरीत तें लोखंडी गोखरूही असेंच. तीन टोंकें जमिनीवर, चौथें आकाशाकडे. कार्बनाच्या चार काड्या ह्या गोखरूसारख्या खोंचावयाच्या, म्हणजे कोणत्याही दोन काड्यांमध्यें सुमारें साडेएकशेंनऊ अंशांचा कोन होतो. १८७४ सालीं व्हान्ट हॉफ नामक बावीस वर्षांच्या डच तरुणानें हा विचार मांडला, आणि लोकांस पटेना म्हणून पुठ्ठ्याच्या प्रतिकृति करून विद्वानांस पाठविल्या. कोल्बे नामक मोठ्या रसायनशास्त्रज्ञानें त्याची जाहीर टर उडविली. १९०१ सालीं रसायनशास्त्राचें पहिलें नोबेल पारितोषिक मिळालें तें ह्याच तरुणास.

चारी हातांस चार निराळे रंग दिले, तर दोन प्रकारचे रेणु होतात व ते एकमेकांवर बसत नाहींत. उजव्या पायांतील चप्पल डाव्या पायांत बसत नाहीं तसे. कागदावर हें सांगून सांगून आमचा घसा कोरडा पडे. भेंडाच्या दोन गोखरूंनीं तें काम पांच मिनिटांत झालें.

फेब्रुवारींत सुगी झाली, धाटें मुबलक झालीं, तेव्हां आम्हीं एक मोठें काम अंगावर घेतलें. ग्लुकोज! सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन, चोवीस गोळे. पांच कार्बन व एक ऑक्सिजन यांचें वलय, बाकीचे भोंवतीं. काड्याही बरोबर चोवीस लागतात. एरवीं सरळ ओळींत गोळ्यांपेक्षां काडी एकानें कमी. वलय मिटलें म्हणून ती एक जास्त. हें आम्हीं सांगितलें नव्हतें, काड्या मोजून देणाऱ्या मुलांनींच शोधिलें.

वीस-वीस मुलांचे दोन गट केले. प्रत्येकानें एक ग्लुकोज करावयाचा, व मग शेजाऱ्याच्या ग्लुकोजला जोडावयाचा. जोडतांना एकाचा हायड्रोजन आणि दुसऱ्याचा ऑक्सिजन-हायड्रोजन हे सुटून येतात, आणि सुटलेले तीन गोळे एकत्र केले कीं हातांत पाण्याचा रेणु! प्रत्येक गटाच्या वीस दुव्यांच्या सांखळींतून पाण्याचे एकोणीस रेणु निघून मेजावर रांगेनें बसले. सूत्रांतील वजाबाकी अशी डोळ्यांसमोर होतांना पाहून आम्हांसही नवल वाटलें.

दोन्ही गटांत फरक एकच ठेविला होता. पहिल्या गटानें सर्व वलयें एकाच बाजूस तोंड करून जोडलीं. दुसऱ्यानें एक सुलटें, एक उलटें, असें आळीपाळीनें. पहिली सांखळी आपोआप वळूं लागली. खऱ्या रेणूंत सुमारें सहा दुव्यांस एक असे वेढे पडत जातात. दुसरी सरळ पट्टीसारखी राहिली. पहिली पिष्ट, म्हणजे जोंधळ्याच्या दाण्यांतील मुख्य अन्न. दुसरी सेल्युलोज, म्हणजे त्याच जोंधळ्याचा कडबा, आणि कापसाचें सूतही तेंच. भाकरी आणि सोलापुरी चादर हीं दोन्ही ग्लुकोजचींच. केवळ सांध्याचें तोंड फिरलें आहे! आपल्या लाळेंतील विकर पहिला सांधा तोडतें; दुसरा तोडणारें विकर आपल्यापाशीं नाहीं, म्हणून कडबा आपल्या उपयोगाचा नाहीं. गाईच्याही स्वतःपाशीं तें नाहीं. तिच्या कोठ्यांतील सूक्ष्मजंतूंपाशीं आहे, व त्यांच्या जिवावर ती कडबा पचविते.

वळलेली सांखळी पाहून ती मुलगी म्हणाली, "हें कांडीवर गुंडाळल्यासारखं, आणि तें ताण्यासारखं." विणकराच्या घरांतील मुलीची ही उपमा आम्हांस सुचली नसती.

आतां प्रतिकृतीची परीक्षा घेणें राहिलें. आयोडीन वळलेल्या पिष्टाच्या वेढ्यांत शिरून गडद निळा रंग देतें. सरळ सेल्युलोजमध्यें त्याला शिरावयास तशी जागा नाहीं. भाकरीच्या तुकड्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकिला, काळानिळा डाग पडला. मग आम्हीं मोठ्या विश्वासानें सुताच्या धाग्यावर थेंब टाकिला. सूत त्या मुलीनेंच घरून आणलें होतें. धागा निळा झाला!

वर्ग आमच्याकडे पाहूं लागला. आमचा तासाभराचा प्रपंच एका थेंबानें खोटा ठरत होता. बाटली बदलली, दुसरा धागा घेतला, पुन्हां निळा. तेव्हां ती उभी राहिली. "सर, हा ताण्याचा धागा आहे. ताण्याला खळ लावलेली असते, मागावर तुटूं नये म्हणून. बाण्याला नसते. मी उद्यां कांडीवरचं सूत आणतें."

खळ म्हणजे पिष्टच. दुसऱ्या दिवशीं कांडीवरच्या धाग्यावर थेंब पडला तो पिंवळट तांबूसच राहिला. आम्हीं त्या दिवशीं शिकविलें नाहीं. ताणा, बाणा व खळ यांविषयीं तिला फळ्यापाशीं उभें करून बोलावयास सांगितलें, आणि अडलें तेथें ती तेलुगूंत सांगे व शेजारची मुलगी मराठींत. परमाणु म्हणावें कीं अणु, याची त्या तासाला कोणासही आठवण झाली नाहीं.

त्या दोन्ही सांखळ्या प्रयोगशाळेच्या छताला टांगल्या आहेत. पावसाळ्यांत त्यांना कीड लागते व दर वर्षीं नव्या कराव्या लागतात. आमच्या प्रतिकृतींत एक दुवा सुमारें दहा सेंटिमीटर. वीस दुव्यांची सांखळी दोन मीटर. कापसाच्या एका खऱ्या सांखळींत दहा हजारांपर्यंत दुवे असतात, म्हणजे आमच्या मापानें ती एक किलोमीटर होईल. पण खरी सांखळी इतकी सूक्ष्म, कीं तसल्या दोनशें टोंकाला टोंक लाविल्या तर कोठें एक मिलिमीटर भरेल. हें सांगून आम्ही खडू ठेविला, तों तिनें वहींत गणित मांडलें होतें. दहा हजार दुव्यांचे दोन लाख चाळीस हजार गोळे. त्यांतून सुटलेल्या पाण्याचे गोळे वजा जातां दोन लाख दहा हजार तीन. शेवटचे तीन तिनें सोडले नव्हते. इतकीं धाटें कोठून आणावयाचीं, असें तिनें विचारिलें, आणि मागच्या बांकावरून उत्तर आलें, "मंगळवेढ्याहून. माझ्या मामाची गाडी आहे."